शंका-समाधान : ‘मेरुबधिरीकरण’ म्हणजे काय?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७१ वर्षे आहे. पडल्यामुळे तिच्या खुब्याचे हाड मोडले असून शस्त्रक्रिया ठरली आहे. संमतिपत्रावर ‘मेरुबधिरीकरण (एस. ए.)’ असे लिहिले आहे. ते वाचल्यापासून ‘माझा कणाच बधिर केला तर मी पुन्हा उभी कशी राहणार?’ असे आई विचारते आहे. शेजारच्या काकूंच्या मते मणक्यात इंजेक्शन घेतले की कंबर जन्माची जाते. या शब्दाचा नेमका अर्थ काय, आई शुद्धीवर राहील का आणि तिला हे साध्या मराठीत कसे सांगावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या आईंची भीती त्या शब्दातूनच निर्माण झाली आहे, म्हणून आधी शब्दाकडे पाहू. ‘मेरू’ म्हणजे मेरुदंड, पाठीचा कणा. ‘बधिर’ हा मूळचा संस्कृत शब्द असून त्याचा पहिला अर्थ ‘ऐकू न येणारा’ असा आहे. आपला ‘बहिरा’ त्यातूनच आला. मराठीत मात्र मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, दात काढताना हिरडी बधिर करतात, म्हणजे संवेदना जाते, असा अर्थ रूढ झाला आहे. हा शब्द ऐकून ‘मला ऐकू येईनासे होईल का?’ असे एका आजोबांनी मला ऑपरेशनच्या टेबलावर काळजीने विचारले होते, आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘एस. ए.’ हे स्पायनल अॅनेस्थेशिया या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे.

शब्दाची फोड केली तर ‘कणा बधिर करणे’ असे वाटते, पण प्रत्यक्षात कणा बधिर होत नाही. कण्याच्या पोकळीतून मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली एका पातळ पिशवीत नितळ पाणी असते आणि त्या पाण्यात पायांकडे व ओटीपोटाकडे जाणाऱ्या नसांची मुळे तरंगत असतात. आम्ही सुई घालतो ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीतून, म्हणजे मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली. सुई मणक्यात शिरत नाही, दोन मणक्यांच्या मधून जाते. म्हणूनच ‘मणक्यात इंजेक्शन’ हा लोकांच्या तोंडी बसलेला शब्दप्रयोगही दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्षात काय होते ते आईंना असे सांगा. त्यांना बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ बाहेरच्या बाजूला गोल करायला सांगतील, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. मोडलेल्या खुब्यामुळे ही हालचाल दुखते, त्यामुळे पुष्कळदा आधी मांडीच्या वर एक इंजेक्शन देऊन ते दुखणे कमी करतात. पाठीची कातडी औषधाने पुसून थंड वाटेल, मग कातडी बधिर करणारी बारीक टोचणी होईल आणि त्यानंतर केसासारखी बारीक सुई आत जाईल. सुई योग्य जागी पोहोचली की तिच्या मागच्या टोकाशी स्वच्छ पाण्याचा एक थेंब येतो. त्या थेंबाची आम्ही वाट पाहतो, आणि इतकी वर्षे हे काम करूनही तो दिसला की मला बरे वाटते. मग दोन-तीन मिलिलीटर औषध दिले जाते. त्यात साखर मिसळून ते त्या पाण्यापेक्षा जड केलेले असते, त्यामुळे रुग्णाला कसे निजवले आहे यावर ते कुठवर पसरेल हे अवलंबून असते.

काही क्षणांतच पाय गरम वाटू लागतात, मुंग्या येतात, मग दुखणे जाते आणि शेवटी पाय उचलता येईनासे होतात. हात लावल्याचे किंवा ओढल्याचे काहीसे जाणवत राहू शकते, मात्र वेदना नसते. हे आधी सांगितलेले नसेल तर ‘भूल लागलीच नाही’ असे वाटून रुग्ण घाबरतो. औषधानुसार दोन-तीन तासांत सगळे पूर्ववत होते. या काळात रक्तदाब उतरू शकतो, मळमळते, म्हणून भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी थांबतात.

आई शुद्धीवर राहतील. त्यांना नको असेल तर झोपेचे सौम्य औषधही देता येते. जुन्या पुस्तकी मराठीत अॅनेस्थेशियासाठी ‘शुद्धिहरण’ असा शब्द आढळतो. पूर्ण भुलीला तो शोभतो, पण जिथे शुद्ध हरपतच नाही तिथे तो वापरणे चूक आहे. ‘संवेदनाहरण’ त्याहून अचूक आहे, पण घरातल्या माणसाला तो परका वाटतो. मी स्वतः रुग्णांशी बोलताना ‘कमरेखालची भूल’ म्हणतो, कारण औषध कुठे टोचणार यापेक्षा आपल्याला काय होणार हे रुग्णाला कळणे मला महत्त्वाचे वाटते. संमतिपत्रावरही पारिभाषिक शब्दाशेजारी हेच शब्द छापावेत, असा माझा आग्रह आहे.

काकूंच्या म्हणण्याबद्दल : टोचलेल्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, पण कायमच्या कंबरदुखीचे कारण ही भूल असते असे दिसून आलेले नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कंबर दुखणे मुळातच फार आढळते, आणि सिझेरियन झालेल्या बायकांना त्याचा दोष लावायला हे इंजेक्शन सापडते. एक गोष्ट मात्र विसरू नका : आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्यांची पाकिटेच भूलतज्ज्ञांना दाखवा. त्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. त्यांच्यामुळे भुलीचा प्रकार बदलावा लागू शकतो.

प्रश्न : सिझेरियननंतर मला चोवीस तास उशीशिवाय सपाट झोपवले होते, तरी तिसऱ्या दिवशी डोके भयंकर दुखले. हे भुलीमुळे झाले का?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : उठून बसल्यावर दुखणे वाढत असेल आणि आडवे पडल्यावर उतरत असेल, तर बहुधा होय. सुईने त्या पाण्याच्या पिशवीला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहिले की असे डोके दुखते. हा अनुभव या भुलीइतकाच जुना आहे. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी १८९८ च्या ऑगस्टमध्ये ती प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली आणि त्याच महिन्यात स्वतःवर व आपल्या सहायकावर प्रयोग केला. नंतर बीअर यांना कित्येक दिवस डोकेदुखीने बसू दिले नाही. ते औषध म्हणून कोकेन वापरत होते आणि या पद्धतीला त्यांनी ‘मज्जारज्जूचे कोकेनीकरण’ असेच नाव दिले होते. म्हणजे नाव फसवे असण्याची सुरुवातही तिथूनच झाली.

आता सुया पुष्कळ बारीक झाल्या आहेत आणि पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया त्या पिशवीच्या पडद्याचे धागे न कापता बाजूला सारतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. सपाट झोपल्याने तो टळत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. उशी न देण्याची रीत केवळ सवयीने टिकून आहे, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला बाळाला पाजताना तिचा विनाकारण जाच होतो. भरपूर पाणी, चहा-कॉफी आणि साध्या वेदनाशामक गोळ्या यांनी बहुतेकींना काही दिवसांत आराम पडतो. न पडल्यास रुग्णाचेच थोडे रक्त काढून त्या जागी पिशवीच्या बाहेर सोडतात. ते गोठून भोक बुजवते. डोकेदुखीबरोबर ताप, मान ताठणे, दृष्टी अंधूक होणे, झटके किंवा पायांत अशक्तपणा असेल तर मात्र घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.