आईच्या जुन्या सुती साडीचं बाळाला झबलं शिवता येईल का? कापड विरणार नाही ना?

येईल की! नव्या कोऱ्या कापडापेक्षा दहा वेळा धुतलेलं सुती बरं, मऊ असतं आणि आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. फक्त साडी आधी उजेडासमोर धरा. बसायच्या जागी आणि खाली पायाशी ती विरलेली असते, तिथून जाळीसारखा उजेड दिसतो. तो भाग सोडा. पदराच्या अलीकडचं कापड सहसा धड निघतं. जरीचे काठ मात्र नकोत, टोचतात. मी एकदा हौसेने गळ्याला जरीची पट्टी लावली, तर पोरगी अंगात घालूच देईना.

बेतण्यासाठी माप घेत बसू नका. बाळाला आत्ता बसतंय ते झबलं कापडावर पसरा, शिवणीला अर्धा इंच आणि वाढत्या अंगाला एक इंच सोडून खडूने आखा. गळ्याला त्याच साडीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावा, सरळ पट्टीला चुण्या पडतात. मशीनला ११ नंबरची सुई घाला, जाड सुईने जुनं कापड फाटतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा. बटणांऐवजी बंद लावा, पण आखूड.

जुन्या चादरीचं झबलं नको, जाड होतं. तिच्या चड्ड्या छान होतात. आणि साडीचे विरलेले तुकडे टाकू नका, दुपट्याच्या आतल्या थरात चालतात.