जेजेत शिकणारी मुलगी म्हणते, पुलाखालच्या लोकांसोबत चित्रं काढायचं काम करणार

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी जेजे स्कूल ऑफ आर्टला बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, गेले चार महिने दर शनिवारी भायखळ्याला पुलाखाली राहणाऱ्या लोकांसोबत चित्रं काढायला जाते, आणि आता म्हणते की अॅड एजन्सी वगैरे नको, हेच करणार. तुम्ही विचारलंय की ह्याला करिअर म्हणायचं का आणि ह्याच्यावर पोट भरेल का. आणि खाली लिहिलंय, "आम्ही डोंबिवलीचं घर कर्ज काढून घेतलं आणि ही बेघर लोकांकडे चालली." ही काळजी मला पूर्ण समजते, त्यामुळे गोड गोड न बोलता लिहिते.

काम आहे. पण "बेघरांसाठी कला" अशी पाटी लावलेली नोकरी शोधायला गेलात तर मिळणार नाही. संस्थांच्या जाहिरातीत फील्ड को-ऑर्डिनेटर, कम्युनिटी ऑर्गनायझर, आर्ट फॅसिलिटेटर, प्रोग्रॅम असोसिएट अशी नावं असतात, आणि त्या पोस्टवर गेलेलं माणूस अर्धा वेळ आधार कार्ड, रेशन कार्ड, हॉस्पिटलचे केसपेपर ह्यातच असतं, उरलेल्या वेळात चित्रं. हे मुलीला आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांत कंटाळून घरी.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी करिअरचा सल्ला घ्यायला आलेली एक मुलगी हेच काम करायची, मी एकदा तिच्यासोबत गेले होते. पुलाच्या खांबाला टेकून साठीचे एक काका बसलेले, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आला आणि काम गेलं, मग खोली गेली. ह्या मुलीने त्यांच्या हातात ब्रश दिला तर त्यांनी आधी तिचीच ब्रश धरायची पद्धत सुधारली, "करंगळी कागदाला टेकव बाळा, मग रेष थरथरत नाही." आणि मग चपट्या ब्रशने एका दमात "श्री" काढला, इतका सुंदर की आजूबाजूचे चार जण उठून बघायला आले. जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी कागद परत तिच्याच हातात दिला. म्हणाले, "माझ्याकडे कुठे ठेवू, रात्री पाऊस येईल, नाहीतर सकाळी म्युन्सिपाल्टीची गाडी येईल." ती मुलगी मग सगळ्यांची चित्रं प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून घरी न्यायची आणि पुढच्या आठवड्यात जशीच्या तशी परत आणायची, पाठीमागे प्रत्येकाचं नाव लिहून. परीक्षेमुळे ती दोन आठवडे गेली नाही तर काकांनी पुढे महिनाभर ब्रश हातात घेतला नाही. ओरडले नाहीत, भांडले नाहीत, फक्त दुसरीकडे बघत बसायचे.

म्हणून मी मुलीच्या पॅशनबद्दल काही विचारणारच नाहीये, मला एवढंच कळायला हवं की ती दर शनिवारी जाते का. पावसात, सबमिशनच्या आठवड्यात, घरी पाहुणे असताना. ह्या कामात हातातल्या कलेइतकाच हा नेम महत्त्वाचा, कारण ह्या लोकांकडे एकदाच येऊन, फोटो काढून, बिस्किटं वाटून जाणारे खूप येतात.

फोटोवरून आठवलं, तुम्ही अभिमानाने लिहिलंय की तिने तिथला रील टाकला आणि खूप लाइक आले. तिला सांगा, त्यात लहान मुलांचे चेहरे असतील तर आजच काढून टाक. मूल निवाऱ्यातलं किंवा कुठल्या केसमधलं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि तसं नसलं तरी पुलाखालचं मूल इंटरनेटवर टाकायचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. मोठ्या माणसांनाही आधी विचारायचं, आणि चित्र विकलं गेलं तर पैसे त्यांचे, संस्थेच्या पेटीत नाही.

कायद्यातली अजून एक गोष्ट तिने वाचायलाच हवी. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यातली भीक मागण्याची व्याख्या एवढी लांब आहे की गाणं म्हणून, नाचून, खेळ करून किंवा वस्तू विकायच्या निमित्ताने पैसे घेतले तरी त्यात बसू शकतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली, महाराष्ट्रात तो निकाल लागू नाही. म्हणजे आपण उत्साहाने ह्या लोकांना फुटपाथवर चित्रं विकायला बसवलं आणि त्यांनाच उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेलं तर? टीस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, त्यांच्या 'कोशिश' प्रकल्पाचं काम नेमकं ह्या विषयावर २००६ पासून चालू आहे, तिने ते समजून घ्यावं.

आकडेही बघा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांच्या वर बेघर माणसं मोजली गेली. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास, बारा महिने. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे व्हायला हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. हे निवारे बहुतेक संस्था चालवतात, तिथे छप्पर असतं, कपाट असतं, चित्र ठेवायला जागा असते, त्यामुळे शिकायला तिने पुलाखालपेक्षा आधी एखाद्या निवाऱ्यात जावं असं माझं मत आहे. सुरक्षेचं म्हणाल तर तेही तिथे बरं पडतं. पुलाखाली जायचंच तर दोघींनी जायचं, उजेड असताना जायचं आणि तिथल्या संस्थेच्या माणसाला सांगून जायचं.

आता शिक्षण. बीएफए पूर्ण करू दे, मध्येच सोडायचं नाही. त्यानंतर समाजकार्यात मास्टर्स करणं मला सगळ्यात योग्य वाटतं, देवनारचं टीस किंवा चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन, पदवी कुठल्याही शाखेची चालते, फील्डवर्क अभ्यासातच असतं. टीसला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्याचा फॉर्म निघायची वेळ चुकवू नका. नाटकाची आवड असेल तर कलिना कॅम्पसला मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे. लंडनमध्ये कार्डबोर्ड सिटिझन्स ही संस्था १९९१ पासून बेघर राहिलेल्या लोकांनाच घेऊन नाटक करते, लॉस एंजेलिसच्या स्किड रो ह्या बेघरांच्या वस्तीत १९८५ पासून तसाच एक ग्रुप आहे, म्हणजे हे काम लोक तीस-चाळीस वर्षं टिकवून करतात. एक मात्र सांगून ठेवते, चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. चित्र काढताना माणूस कधी कधी असं काही सांगतो की ते ऐकून पुढे काय करायचं ह्याचं ट्रेनिंग लागतं.

पैसे सुरुवातीला कमी. हे गोल गोल करून सांगत नाही. संस्थांचा पैसा बराचसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला असतो, तो प्रोजेक्टवर येतो, प्रोजेक्ट संपला की पोस्टही संपते. म्हणून आठवड्याचे दोन दिवस शाळेत चित्रकला किंवा इलस्ट्रेशनची कामं, आणि बाकी हे, असं पहिली तीन-चार वर्षं करणारी मुलं मी पाहिलीत. जेजेचा हात असेल तर ती कामं मिळतात. डोंबिवलीच्या कर्जाचा हप्ता तिच्या ह्या पगारावर धरू नका, तेवढं आत्ताच घरात स्पष्ट बोला, म्हणजे पुढे तिला त्याचं ओझं नको आणि तुम्हाला राग नको.

तर मार्चपर्यंत एवढं करा. तिला एका वहीत प्रत्येक शनिवारची तारीख, कोण आलं, कोण आलं नाही, काय काढलं हे लिहायला सांगा, मास्टर्सच्या इंटरव्ह्यूला ही वही खूप उपयोगी पडेल. ती वही घेऊन दोघी माझ्याकडे या. आणि ताई, त्याआधी एका शनिवारी तुम्ही तिच्यासोबत जा. लांब उभं राहू नका, खाली चटईवर बसा, कोणी कागद पुढे केला तर घ्या आणि तुम्हीही काहीतरी काढा.