वरणाचं पाणी, दुधाची बाटली आणि आजीची गुटी

(प्रश्न वाचकांचे, उत्तरं बालरोगतज्ज्ञांची)

गेल्या वेळी लसींबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी खाण्याबद्दलची. मला नवल नाही वाटलं. ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, आईबाबा दवाखान्यात येतात, बाळाला सुई टोचली जाते, बाळ रडतं, कार्डावर पुढची तारीख पडते आणि सगळे रिक्षा पकडायला पळतात, खाण्याचा प्रश्न मग रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतो. खरं तर दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने अशा लसींच्या फेऱ्या आहेतच, त्याच वेळी वजन-उंची घ्यायची, कार्डातल्या तक्त्यावर ठिपका मांडायचा आणि बाळ काय खातंय ते बोलायचं, असंच ते अपेक्षित आहे. डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही सांगा.

प्रश्न : माझी मुलगी ९ महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यात वजन ७.२ किलो होतं, आता ७.५. अंगावरचं दूध चालू आहे आणि दिवसातून दोनदा वरणाचं पाणी, पेज नाहीतर मिक्सरमधून काढलेलं सफरचंद देते. दात एकच आलाय म्हणून घट्ट काही देत नाही, अडकलं तर काय ही भीती. सासूबाई म्हणतात आमच्याकडची पोरं बारीकच असतात. काळजी करू का? (एक आई, घोडबंदर रोड)

साडेसात किलो म्हणजे नऊ महिन्यांच्या मुलीसाठी वजन कमी असं मी म्हणणार नाही, तक्त्यात ते ठीकच बसतं. पण रेष बघा ना. सहाव्या महिन्यात ती तक्त्यातल्या जवळपास मधल्या, म्हणजे सरासरी वाढीच्या रेषेवर होती, मधल्या रेषेवरची मुलगी या तीन महिन्यांत साधारण ९०० ग्रॅम वाढते आणि तुमची वाढली ३०० ग्रॅम. ठिपके जोडले तर रेष आडवी व्हायला लागलीय आणि आम्ही बघतो ते हेच, एकटा आकडा नाही. घराणं बारीक असू शकतं, सासूबाईंचं तेवढं खरं, पण बारीक मूलसुद्धा आपल्या खालच्या रेषेनं का होईना वर चढत राहतं, मधेच अडत नाही.

बहुतेक कारण त्या वरणाच्या पाण्यातच आहे. कुकरचा डबा उघडला की डाळ खाली बसलेली असते आणि वर पिवळसर निवळ पाणी, ते आपण चमच्यानं अलगद काढून घेतो आणि बाळाला देतो, का तर पचायला हलकं. हलकं असणारच, त्यात आहे काय! पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण ३०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात आणि पोट असतं एवढंसं, त्यामुळे जे आत जाईल ते घट्ट हवं. चमचा तिरका करून बघा. ओघळून सांडलं तर पातळ, चमच्याला धरून राहिलं तर बरोबर.

खिचडी करायची तर दोन चमचे तांदळाला एक चमचा मूगडाळ, सोबत लाल भोपळा नाहीतर पालक, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त, आणि मग चमच्याच्या पाठीनं चेचायची. मिक्सर नको, गाळणी तर नकोच नको. वर छोटा चमचाभर तूप किंवा तेल, त्या एका चमच्यानंच चाळीस-पंचेचाळीस कॅलरी वाढतात आणि घासही सरकतो. मीठ-साखर वर्षभर घालू नका. अळणी आपल्याला लागतं, तिला नाही. अशी मोठी वाटी अर्धी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. नाचणीचं सत्त्व विकतचं कशाला, जांभळी नाक्यावरून नाचणी आणा, रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, वाळवा, हलकी भाजून दळा. मोड आणल्यामुळे लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि शिजवल्यावर खीर चिकट घट्ट होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं.

दातांचं म्हणाल तर हिरड्या पुरतात हो. नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडात गुठळ्या-शितं फिरवायची सवय नाही लागली तर पुढे अशी मुलं पोळीचा तुकडा बघूनच ओकाऱ्या काढतात, आमच्याकडे येतात ना दोन दोन वर्षांची, मिक्सरवर वाढलेली. बाळ ओकारी काढल्यासारखं तोंड करतं, खोकतं, घास पुढे आणतं, ते अडकणं नाही, ते शिकणं. आवाज बंद, खोकता येत नाही, ओठ निळे, हे अडकणं. म्हणून नेहमी बसवून भरवा, आडवं करून नाही, आणि अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न चार-पाच वर्षांपर्यंत हाताला लागू देऊ नका.

आता लोह. पोटातून आणलेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह थोडंच असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना ॲनिमिया निघाला, टॉवरमधली पोरं काही त्यातून सुटलेली नाहीत. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप देतात, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा किंवा तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे थेंब लिहून घ्या. शी काळी होईल, घाबरू नका. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोसही असतो, तेव्हा वजन परत करून ठिपका मांडून घ्या. महिन्याभरात रेष वर वळली नाही तर लघवी आणि रक्त तपासायला लागेल, ते टाळू नका.

प्रश्न : नातू दोन महिन्यांचा आहे. एवढा उन्हाळा आहे आणि सूनबाई चमचाभर पाणी देऊ देत नाही, गुटी नाही, मधाचं बोट नाही. आम्ही आमची मुलं अशीच वाढवली, काही झालं नाही. तुम्हीच सांगा तिला. (एक आजी, नौपाडा)

आजी, रागावू नका, पण सूनबाईंचं बरोबर आहे. अंगावरच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असतं, ठाण्याच्या मे महिन्यातसुद्धा तहान त्यातच भागते, फक्त बाळ जास्त वेळा मागेल तेव्हा तिला पाजायला बसू द्या. चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी होतेय ना, मग पाणी पुरतंय. मध तर पहिलं वर्षभर अजिबात नाही, त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आपल्याला ते काही करत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि बाळ ढिलं पडत जातं, दूध ओढेनासं होतं.

गुटीचा त्रास असा की वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, कशाचे किती वेढे पडले त्यावर डोस ठरणार. जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं छान झोपलं. शिवाय ती सहाण आणि डब्यातल्या त्या मुळ्या कितीही धुतल्या तरी जंतू जायचे नाहीत. संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडतं ते बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत आपसूक थांबतं. दूध ओढत असेल, वजन वाढत असेल तर ग्राइप वॉटरपण नको. रोज द्यायचं ते एकच, 'ड' जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब. आणि बाळाला उचलून फिरवायला आजीसारखं कोण आहे!

प्रश्न : मुलगा २२ महिन्यांचा, काहीच खात नाही. दिवसातून पाच बाटल्या फुल क्रीम दूध पितो म्हणून जिवंत आहे म्हणा ना. मधे बिस्किटं. जेवायला मोबाईल लावून तास दीड तास जातो, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत वाटी घेऊन मागे पळते. भूक वाढवायचं चांगलं टॉनिक सांगा. (एक आई, वाशी)

ताई, खात नाही कारण पितोय. पाच बाटल्या म्हणजे लिटरभर फुल क्रीम दूध, त्यातच साडेआठशेच्या आसपास कॅलरी झाल्या, आणि या वयाच्या मुलाला दिवसभराच्या सगळ्या मिळून लागतात हजाराच्या आसपास. उरलेलं बिस्किटांनी भरलं. आता पोळी-भाजीला जागा कुठाय? टॉनिक घालून काय होणार त्यात.

दूध वाईट नाही, पण दुधात लोह जवळजवळ नाहीच आणि बाकीच्या जेवणातलं लोहही ते नीट शोषू देत नाही. मग रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की भूक मरते, भूक मेली की आई म्हणते निदान दूध तरी पिऊ दे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, ११ च्या खाली असेल तर लोहाचं औषध दोन-तीन महिने तरी नेटानं द्यावं लागेल. माती, भिंतीचा पोपडा खातो का तेही बघा आणि खात असेल तर डॉक्टरांना सांगा, बरेच जण लाजतात.

दुसरं असं की दुसऱ्या वर्षात भूक मंदावतेच. पहिल्या वर्षात सहा-साडेसहा किलो वाढलेलं मूल दुसऱ्यात अडीच किलोच्या आसपास वाढतं, वजनाच्या मानानं त्याला तेव्हाएवढं खाणं लागतच नाही, आणि नेमकं तेव्हाच आपण मागे लागतो. शेजारच्या विंगमधलं कोण दोन पोळ्या खातं याच्याशी तुमच्या मुलाला काही देणंघेणं नाही.

करायचं काय, तर दूध दिवसाला ४००-५०० मिलीवर आणा, आणि तेही कपातून. आधी दिवसाच्या बाटल्या बंद करा, झोपतानाची शेवटी, आणि तोंडात बाटली ठेवून झोपवणं आजपासून बंद, वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरट किंवा तपकिरी रेघ दिसतेय का बघा, किडायची सुरुवात तिथूनच होते. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मधल्या दोन-अडीच तासांत पाण्याशिवाय काही नाही, बिस्कीटही नाही, आजोबांच्या खिशातलंसुद्धा नाही. जेवायला सगळ्यांबरोबर बसवा, ताटात त्याच्या पुरतं थोडंसंच वाढा, पाव पोळी आणि दोन चमचे भाजी पुष्कळ झाली, त्याच्या हातानं सांडत खाऊ दे. वीस मिनिटं-अर्धा तास, मग ताट उचलायचं, चिडायचं नाही, दूधही द्यायचं नाही. काय आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती ते तो ठरवेल. मोबाईल बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही हे कळतच नाही, आणि तसाही दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको हाच सल्ला आहे. नवीन भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर तोंडात जाते, एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं.

पहिले चार-पाच दिवस घर डोक्यावर घेईल. तेवढे दिवस घरातल्या सगळ्यांनी एकच सूर धरा, नाहीतर सुरूच करू नका.

प्रश्न : ऐरोलीला आयटीत आहे, रजा संपतेय, बाळ सहा महिन्यांचं होईल. घरचे म्हणतात आतापासून डब्याच्या दुधाची सवय लाव नाहीतर गाईचं दे. (एक आई, ठाणे)

दोन्हीची घाई नको. गाईचं दूध वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून नकोच, खिरीत थोडं घातलं तर चालतं. दूध काढून ठेवा, स्वच्छ हातांनी, झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. बाहेर चार तास, त्याच्या वर आपल्या हवेत नको, फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला, दारात नाही, चोवीस तास. वर साय धरल्यासारखा थर येतो, ते नासलेलं नसतं, हलकेच हलवा. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं ठेवायचं. वाटी-चमचा किंवा बोंडल्यानं पाजायला आजीला रजा संपायच्या आधी आठवडाभर सराव करू दे, तुम्ही समोर नसताना, कारण आई दिसली की बाळ वाटी घेत नाही. ऑफिसात काढलेलं बर्फाच्या पिशवीत घालून आणा, ऐरोली-ठाणे लोकलला तेवढं सहज टिकतं.

बाळ दिवसा कमी पिऊन रात्री वसूल करेल, तो दूध आटल्याचा पुरावा नाही. सहा महिने झालेच तर खिचडी-खीर सुरू होतेच आहे. आणि एचआरला विचारा, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दोन सुट्ट्या कायद्यानंच आहेत, मागायला लाजू नका. दूध खरंच कमी पडलं तर डबा म्हणजे पाप नाही, पण डॉक्टरांशी बोलून, आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून, पुरवून पुरवून पातळ करून नाही.

प्रश्न : आमच्याकडे रोज मासे. बाळ सात महिन्यांचं आहे, अंडं-मासे दात आल्यावरच द्यायचे ना? (एक बाबा, दिवाळे, बेलापूर)

नाही, आत्ताच द्या. उशिरा दिल्यानं ॲलर्जी टळत नाही. अंडं पूर्ण शिजलेलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही. पापलेट उकडून, काटा बोटांनी दोनदा चाचपून, मऊ भातात कुस्करून, तिखट-मिठाआधी बाजूला काढलेला. एका वेळी एकच नवा पदार्थ, चिमूटभरापासून, आणि सकाळी, म्हणजे काही झालंच तर दवाखाना उघडा असतो. अंगावर पित्त उठलं तर परत देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. ओठ-चेहरा सुजला, उलट्यांवर उलट्या झाल्या, श्वासाला त्रास झाला तर मात्र वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.