एचआर की समाजशास्त्राची प्राध्यापकी?

प्रश्न: मी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपन्या, कार्यालये आणि तिथे काम करणारी माणसे यांवर संशोधन करून प्राध्यापक व्हावे असे मनात आहे. बाबा म्हणतात, त्यापेक्षा एमबीए करून एचआरमध्ये जा. दोन्हींत फरक काय? असे प्राध्यापक नेमके करतात काय?

उत्तर: बाबांनी सुचवलेला मार्ग चांगला आहे, पण ते काम वेगळे आहे. एचआरमध्ये भरती कशी करायची, माणसे टिकवायची कशी, हे प्रश्न कंपनी ठरवते. प्राध्यापकाचा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो आणि उत्तर कंपनीला रुचले नाही तरी तो ते छापतो.

एका कारखान्याचे उदाहरण घे. 1944-45 मध्ये समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय अमेरिकेत शिकागो परिसरातल्या एका मशीन शॉपमध्ये कामगार म्हणून राबले आणि बारकाईने नोंदी ठेवत गेले. नगावर मजुरी असूनही कामगार हात राखून काम करत. जास्त माल काढला तर व्यवस्थापन दर उतरवील, ही त्यामागची धास्ती रॉय यांनी टिपली. तीसेक वर्षांनी मायकेल बुरावॉय हे पीएच.डी.चे विद्यार्थी असेच एका कारखान्यात यंत्रावर उभे राहिले. रॉय यांनी कारखान्याचे नाव बदलले होते, तरी त्यांचे लिखाण वाचताना बुरावॉय यांना उमगले की ही तर तीच जागा! त्यांनी प्रश्नच उलटा केला: ही माणसे एवढे कष्ट उपसतात तरी का? आकडा गाठणे हा कामगारांचा आपसातला खेळ झाला होता आणि खेळात रमलेला माणूस त्याचे नियमही मान्य करून बसतो, असे त्यांना दिसले. पुढे ते अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात प्राध्यापक झाले. मला या क्षेत्रात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, नवा प्रश्न विचारता येणे.

धीर मात्र हवा. नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात 1986 चा. नासासारख्या संस्थेत धोक्याची सूचना हळूहळू नेहमीची कशी होऊन बसली, हे दाखवणारा समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांचा ग्रंथ आला तो दहा वर्षांनी, 1996 मध्ये.

एम.ए., मग काही वर्षांची पीएच.डी., त्यानंतर शिकवणे, शोधनिबंध, विद्यार्थ्यांचे प्रबंध असा हा क्रम असतो. मुलाखती घेणे आणि संख्याशास्त्र, दोन्ही शिक. एकाच्या भरवशावर राहू नकोस. सगळ्यात वेळ खाते ते संस्थेत शिरण्याची परवानगी मिळवणे. कामगार मोकळेपणी बोलतात ते तुझ्यावर विश्वास ठेवून, म्हणून त्यांची ओळख झाकणे ही तुझी जबाबदारी.

कायम पदे थोडी आणि उमेदवार फार, हे बाबांचे भय खरे आहे, ते उडवून लावू नकोस. संशोधन संस्था, कामगार संघटना, धोरणविषयक कामे इथेही हे शिक्षण चालते, त्या वाटा आधीच पाहून ठेव.

एम.ए.ला प्रवेश घेण्याआधी एक कर. ओळखीच्या एखाद्या कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन महिनाभर जा, रोज रात्री पाहिलेले लिहून काढ. कोण कोणाला विचारून काम करते, कागदावरचा नियम कुठे वाकवला जातो, तेवढेच पाहा. लिहिताना कंटाळा आला तर एमबीएचा अर्ज भर. नवे प्रश्न सुचत राहिले तर त्या नोंदी घेऊन तुझ्या विभागातल्या प्राध्यापकांना भेट आणि कोणाच्या हाताखाली पीएच.डी. करावी, हे त्यांनाच विचार.