हप्ता दुष्काळातही भरता येईल असा घे

चि. पोरी,

तुझं पत्र वाचलं. बाबांची साखर, आईचे गुडघे आणि एजंटानं सांगितलेला आरोग्यविम्याचा वर्षाचा ३२ हजारांचा हप्ता. तुझी काळजी पोचली.

आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढून घे. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळून घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, हप्ता शून्य. पण यादीतल्याच आजारांना, यादीतल्याच दवाखान्यांत. यवतमाळ, वर्धा, नागपुरात आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा मदतनीस, कुठं कुठं बसतो ते आताच विचारून ठेव. माणूस गाडीत घातल्यावर ही चौकशी होत नाही.

एजंट ५ लाखांच्या डिडक्टिबलची सुपर टॉप-अप सुचवतो, म्हणजे वर्षातला ठरलेल्या रकमेवरचा खर्च तेवढा देणारी पॉलिसी; ती ठरलेली रक्कम म्हणजे डिडक्टिबल. कारण डिडक्टिबल वाढलं की हप्ता उतरतो. पण त्याचा अर्थ वर्षातलं पहिलं ५ लाखांचं बिल आपलं. ते सरकारी कार्ड भागवेल असं धरू नकोस. योजनेबाहेरच्या दवाखान्यात ते कार्ड चालतच नाही, आणि घाईत आपण नेमके तिथंच पोचतो. सावकाराकडे न जाता, आईच्या पाटल्या गहाण न टाकता एका दिवसात घरात किती पैसे उभे राहतील? तेवढंच डिडक्टिबल घे, हप्ता थोडा जास्त बसला तरी.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकारानं गावांसाठी आरोग्यविमा उभा केला, तेव्हा वर्गणी ज्वारीत घेतली, तीही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. मला ती योजना फार शहाणी वाटते. शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याला येत नाही, सुगीला येतो, हे तिनं ओळखलं होतं. कंपनी ज्वारी घेणार नाही, पण तारीख तुझ्या हातात आहे. पॉलिसी डिसेंबर-जानेवारीत, कापूस विकल्यावर सुरू कर. नूतनीकरण जूनमध्ये आलं तर बियाणं-खताच्या पैशाला हात लागतो नाहीतर पॉलिसी तुटते. तारखेनंतर ३० दिवसांची मुदत असते खरी, पण तीही हुकली तर बाबांच्या साखरेची प्रतीक्षा, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. ती ३ वर्षांपर्यंत असू शकते.

आणि साखर अर्जात लिहायचीच. एजंट "राहू द्या" म्हणाला तरी लिही. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. त्या ३२ हजारांत जुने १८ टक्के धरलेत का, तेही विचार.

खोलीभाड्याची मर्यादा किती ते पॉलिसीच्या कागदात शोध. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. ते पान सापडलं की फोटो काढून मला पाठव. तोवर सही करू नकोस.

तुझी,
मावशी