कंपनीच्या नव्या वकिलासाठी: आधी गोपनीयतेचा प्रश्न समजून घ्या

युरोपियन कंपनी लॉयर्स असोसिएशनच्या, म्हणजे कंपन्यांत नोकरी करणाऱ्या वकिलांच्या युरोपीय संघटनेच्या कामात नव्याने येताय ना? मग समित्या वगैरे नंतर बघा, आधी अक्झो नोबेल या रसायन कंपनीच्या खटल्यात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने दिलेला 2010 चा निकाल मुळातून वाचा. स्पर्धा कायद्याच्या (कंपन्यांची संगनमतं आणि मक्तेदारी रोखणाऱ्या कायद्याच्या) चौकशीत युरोपियन कमिशनचे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेचे अधिकारी कंपनीत थडकले, तर पगारी वकिलाने व्यवस्थापकाला पाठवलेला सल्लाही ते वाचू शकतात. नोकरीतला वकील पुरेसा स्वतंत्र नसतो, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते आजही पटत नाही. सनद असून, शिस्तीचे नियम पाळूनही आपल्याला दुय्यम का मानायचं? संघटना या खटल्यात बाजू मांडायला उभी राहिली, ती याचसाठी.

पण देशोदेशी चित्र वेगळं आहे. बेल्जियममध्ये 2000 च्या कायद्याने तिथल्या कंपनी वकिलांच्या संस्थेचे सदस्य असलेल्या वकिलांचे सल्ले गोपनीय ठरवले. म्हणून दुसऱ्या देशातला सदस्य भेटला की पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडे चौकशी आली तर काय उघड करावं लागतं?

आणि स्पर्धा कायद्याचा नाजूक मुद्दा असेल, तर ईमेलवर मत लिहीत बसू नका. युरोपात सनद असलेला बाहेरचा स्वतंत्र वकील वेळीच सोबत घ्या.