चाळीस दिवसांची मैत्रीण

"मॅडम, शाळेत सांगितलं म्हणून माझ्या मुलीनं वर्गात एकट्या पडलेल्या मुलाशी मैत्री केली. आता तो तिच्याशी बोलत नाही आणि तिच्या मैत्रिणीही बोलत नाहीत. सोड म्हणून सांगू का तिला?"

गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कॅथलिक शाळेत मूल असलेल्या घरांतून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास येतो.

मुलगी सातवीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सिस्टरांचं इंग्रजी हायस्कूल. राखेच्या बुधवारी लेंट, म्हणजे कोकणीतला कोरेज्म, हा ईस्टरआधीचा व्रतकाळ सुरू झाला की रविवार सोडून ४० दिवस प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. हिंदू घरांतली मुलंही कुणी गोड सोडतात, कुणी पॅटिसचे पैसे दानपेटीत टाकतात. यंदा टीचरनी सांगितलं, वर्गात जो एकटा पडलाय त्याच्याकडे जा. भिंतीवर तक्ता लागला. ज्यानं चांगलं काम केलं त्याच्या नावापुढे तारा.

तो मुलगा बांधकामावर कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातला. घरी कन्नड, वर्गात अडखळती कोकणी. त्याला 'घाटी', म्हणजे घाटापलीकडचा, म्हणून हिणवत, आणि तो मधल्या सुट्टीत जिन्याखाली डबा खाई. ही मुलगी रोज तिथं जाऊन बसू लागली, आपल्या डब्यातलं देऊ लागली, घरी कोण कोण आहे विचारू लागली. तिच्यापुढे तारे वाढले. दहाव्या दिवशी त्यानं डबा ढकलला आणि म्हणाला, "चाळीस दिवस झाले की जाणारच ना तू?"

त्याचं अगदी बरोबर होतं. तक्ता त्यालाही वाचता येत होता. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय वाचतात: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. तारे लावले त्याच दिवशी हे वाक्य मागे पडलं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तोच मुलगा वर्गाचा गृहपाठ झाला. टीचरांचा हेतू चांगला होता, तक्ता मात्र चुकीचा होता.

आईला उत्तर दिलं ते असं: सोड म्हणू नका, पण रोज जाणं थांबवा. आठवड्यातून दोनच सुट्ट्या, मंगळवार आणि गुरुवार. बाकीचे दिवस स्वतःच्या मैत्रिणींबरोबर. बारा वर्षांच्या मुलीला आपला घोळका गमावून कुणाला आधार देता येत नाही. तिच्या मैत्रिणी रुसल्या त्या बहुतेक त्या मुलामुळे नव्हे, ती अचानक नाहीशी झाली म्हणून. जाताना एक मैत्रीण बरोबर. समोरासमोर बसून गप्पा नकोत, मध्ये काहीतरी हवं: कॅरम, नकाशा रंगवणं, विज्ञानाचं मॉडेल. हात कामात असले की बोलणं आपोआप येतं आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. घरची चौकशी नको. खाऊ देणंही नको. देणारा आणि घेणारा ठरून गेले की मैत्री तिथंच अडते. उलट त्याच्याकडे काही मागायचं. या मुलाला सायकलची चेन बसवता येत होती. मुलीची चेन सारखी उतरायची. सुरुवात तिथून झाली.

आधी एक गोष्ट मात्र पाहायची. काही मुलांना एकटं बसणं आवडतं. असं मूल पुस्तकात किंवा चित्रात रमलेलं असतं. बाहेर ठेवलेलं मूल सारखं घोळक्याकडे बघतं, घंटा व्हायच्या आधीच वर्गात परततं. पहिल्याला छेडू नये.

शाळेकडे आईनं तीन मागण्या केल्या. तक्ता काढा. गट मुलांना निवडू देऊ नका, हजेरी क्रमांकानं चार-चारचे करा, कारण "आपापले गट पाडा" म्हटलं की तेच मूल दर वेळी उरतं. आणि 'घाटी' हा शब्द मोठ्यांनी थांबवा. त्या शब्दाशी भांडायचं ओझं मुलीवर टाकलं असतं तर पुढचा घाव तिलाच बसला असता. तसंच फाटलेल्या वह्या, अंगावरचे वळ, शाळेला यायला नकार, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर ते गुपित राखायचं नाही, त्याच दिवशी टीचरला सांगायचं, हे मुलीला स्पष्ट सांगितलं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही तिच्या वहीत लिहून दिला.

घरी आईनं "आज तो बोलला का?" विचारणं बंद केलं. ते जड गेलं, पण त्यानंच मुलगी मोकळी झाली.

राहिला त्याचा प्रश्न, चाळीस दिवसांनंतरचा. त्याला शब्दानं उत्तर देता येत नव्हतं. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला, ईस्टर ५ एप्रिलला, मध्ये परीक्षा. मुलीला एवढंच सांगितलं की ईस्टरनंतरचा पहिला मंगळवार चुकवू नकोस. ती गेली. तो कॅरमच्या सोंगट्या आधीच मांडून बसला होता.

आता मंगळवारी कॅरमपाशी चौघं असतात. तो कधी येतो, कधी जिन्याखालीच बसतो, आणि कुणी ओढून आणत नाही. मुलीची एक मैत्रीण अजून बोलत नाही.